नवं वर्ष, जुने नियम आणि माथेरानचं पाणी



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या कर्जत-खालापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. थर्टी फर्स्टसाठी फार्महाऊसकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते, आणि आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर संकल्पांची यादी फिरायला लागते. पाच किलो वजन कमी करणार. मोबाईल कमी करणार. मुलांवर ओरडणार नाही. रोज एक सामायिक करणार. गोड बंद.

या यादीला मी हसत नाही. त्यामागची इच्छा खरी असते. पण फेब्रुवारी उजाडेपर्यंत यादी विरते आणि मागे एकच वाक्य उरतं, "माझ्याच्याने काही होत नाही गं." संकल्प मोडला याचं मला फारसं वाटत नाही. हे वाक्य मात्र खटकतं. माणसाने स्वतःला दिलेला शब्द टिकावा कसा, या एकाच प्रश्नावर आपल्या परंपरेने अडीच हजार वर्षं विचार केला आहे. तो विचार आपल्या घरात, आपल्याच कपाटातल्या प्रतिक्रमणाच्या पुस्तकात पडून आहे. आज त्याचाच थोडा इतिहास सांगते. त्यात तीन बायका भेटतील, आणि शेवटी आपलं माथेरानही येईल.

आपलं वर्ष सुरू कुठून होतं?

खरं तर आपलं नवं वर्ष दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालं. या दिवाळीनंतर, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासून, वीर निर्वाण संवत २५५२ चालू आहे. हिशोब सोपा आहे. इसवी सनपूर्व ५२७ मध्ये कार्तिकी अमावास्येला पावापुरीत भगवान महावीरांचं निर्वाण झालं, असं परंपरा मानते. म्हणून दिवाळीनंतर चालू इसवी सनात ५२७ मिळवले की आपला संवत निघतो.

वर्षाची पहिली पहाट मात्र गौतमस्वामींची. प्रभूंचे पट्टशिष्य, इतके ज्ञानी, तरी त्यांना केवलज्ञान होत नव्हतं, कारण त्यांचा प्रभूंवरच जीव जडलेला होता. निर्वाणाची बातमी ऐकून ते शोकात बुडाले, मग विचारात पडले, आणि तो शेवटचा स्नेहाचा धागाही सुटला तेव्हा केवलज्ञान झालं. म्हणजे आपल्या वर्षाची सुरुवात काहीतरी मिळवण्याने झाली नाही, सोडण्याने झाली. पाडव्याच्या पहाटे आपण गौतमस्वामींचा रास ऐकतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

१ जानेवारीचा इतिहास वेगळा. रोमन लोकांचा जेनस नावाचा दोन तोंडांचा देव होता, एक तोंड मागे आणि एक पुढे. त्याच्यावरून जानेवारी हे नाव आलं. ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ४५ मध्ये नवं कॅलेंडर लागू केलं, त्यात वर्ष १ जानेवारीला सुरू होत होतं. इंग्लंडमध्ये मात्र सरकारी वर्ष कितीतरी शतकं २५ मार्चला सुरू व्हायचं, ते १७५२ मध्ये १ जानेवारीवर आलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७५५ मध्ये, जॉन वेस्ली या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने देवाशी केलेला करार पुन्हा ताजा करण्याची प्रार्थनासभा सुरू केली. मेथडिस्ट पंथात ती पुढे नव्या वर्षाच्या सुमाराला होऊ लागली. म्हणजे ज्याला आपण पार्टीचं वर्ष म्हणतो, त्याच्या मुळाशीही मागे वळून बघणं आणि शब्द देणं होतंच. तेव्हा संकल्प कार्तिकात करा की जानेवारीत, माझी काही तक्रार नाही. तो कसा करायचा, ते बघू.

आनंद श्रावकाची यादी

उपासकदशांग हे आपलं अंगसूत्र. त्यात महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांच्या कथा आहेत, आणि पहिली कथा वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची. माणूस किती श्रीमंत! चार कोटी सोनं तिजोरीत, चार कोटी व्याजी लावलेलं, चार कोटी घरादारात. दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. पाचशे नांगर, परगावच्या व्यापाराला पाचशे गाड्या, घरच्या वाहतुकीला आणखी पाचशे, शिवाय नावा.

अशा माणसाने प्रभूंकडे बारा व्रतं घेतली तेव्हा काय सोडलं? पहिल्यांदा वाचताना आश्चर्य वाटतं. त्याने असलेलं काहीच सोडलं नाही. बारा कोटी आहेत, याच्यापुढे नाही. पाचशे नांगर आहेत, याच्यापुढे नाही. जिथे उभा होता तिथेच त्याने रेघ मारली.

मग रोजच्या वापराची यादी आली, आणि ती वाचताना थेट न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटतं. दात घासायला ओली ज्येष्ठमधाची काडी, दुसरी नाही. अंगाला लावायला ठरावीक दोन तेलं. अंघोळीला आठ घडे पाणी. वस्त्रांची एक जोडी. दागिन्यांत कानातली आणि नाव कोरलेली अंगठी. तूप शरद ऋतूतलं गाईचं. प्यायला फक्त आभाळातून पडलेलं पाणी. जेवणानंतरचा मुखवासही ठरलेला.

यात "मी साधेपणाने राहीन" असं एकही वाक्य नाही. "पाणी जपून वापरीन" नाही, आठ घडे आहेत. संध्याकाळी मोजता येईल अशीच प्रत्येक गोष्ट त्याने ठरवली. आपल्या यादीतलं "राग कमी करणार" मोजायचं कशाने? "जेवायला बसल्यावर कुणाला टोचून बोलणार नाही" हे मोजता येतं. जेवण दोनदा होतं, ताट उचलताना उत्तर मिळतं.

आता पहिली बाई. व्रतं घेऊन आनंद घरी आला आणि बायकोला, शिवानंदेला, म्हणाला की तूही प्रभूंकडे जा आणि व्रतं घे. "मी घेतली आहेत, आता घरात हे चालेल" असं तो म्हणाला नाही. शिवानंदा रथात बसून गेली, तिने स्वतः ऐकलं आणि स्वतः बारा व्रतं घेतली. नवऱ्याचं व्रत तिला आपोआप लागू झालं नाही. शास्त्राने तिचं जाणं आणि तिचं घेणं वेगळं नोंदवलं आहे. आपल्या घरांत अजूनही सासूचा नियम सुनेवर आणि आईचा मुलीवर न विचारता येऊन पडतो, तेव्हा मला हा रथ आठवतो.

जागच्या जागी मारलेल्या त्या रेघेचं पुढे काय झालं? चौदा वर्षं तो हे नियम पाळत राहिला. पंधराव्या वर्षी त्याने सगळा कारभार थोरल्या मुलाकडे सोपवला आणि पौषधशाळेत राहायला गेला. शेवटी अनशनात असताना त्याला अवधिज्ञान झालं. भेटायला आलेल्या गौतमस्वामींना ते पटलं नाही. गृहस्थाला इतकं दूरवरचं ज्ञान होत नाही, प्रायश्चित्त घे, असं ते म्हणाले. आनंदाने नम्रपणे विचारलं की खरं बोलण्याचंही प्रायश्चित्त असतं का? गौतमस्वामींनी परत जाऊन प्रभूंना विचारलं. प्रभू म्हणाले, आनंद बरोबर आहे, जाऊन त्याची क्षमा माग. आणि चौदा हजार साधूंत अग्रणी असलेले गौतमस्वामी एका गृहस्थाच्या बिछान्यापाशी क्षमा मागायला गेले. आपल्या वर्षाची पहिली पहाट ज्यांच्या नावाची, ते हेच.

नियमाची बांधणी

दिगंबर मैत्रिणींनाही हा विचार ओळखीचा आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात यम आणि नियम असा भेद आहे. जन्मभरासाठी घेतला तो यम, मुदतीसाठी घेतला तो नियम. मुदती कोणत्या, तेही सांगितलं आहे. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. अयन म्हणजे सहा महिने. यादी तिथे थांबते, पूर्ण वर्ष त्यात नाही. आपण मात्र ३१ डिसेंबरला एका दमात ३६५ दिवसांचा शब्द देतो.

श्वेतांबरांत रोजचे चौदा नियम आहेत. सचित्त किती, द्रव्यं किती, विगई कोणत्या, चपला-जोडे किती, वाहन किती, अंघोळ किती वेळा, कोणत्या दिशेला किती दूर जायचं. सकाळी धारायचे, संध्याकाळी संक्षेपायचे. जन्मभराच्या व्रताची मोठी चौकट रोज सकाळी त्या एका दिवसापुरती आणखी लहान करायची.

मग येतात आगार, म्हणजे आधीच सांगून ठेवलेल्या सवलती. पच्चक्खाण घेताना आपण हे शब्द भराभर म्हणून टाकतो, पण जरा थांबून त्यांचे अर्थ बघा. नवकारशीला मूळ दोन आगार. अनाभोग म्हणजे विसरून काही तोंडात गेलं तर. सहसाकार म्हणजे अचानक झालं तर, जसा ताक घुसळताना ओठांवर उडालेला शिंतोडा. पोरिसीला सहा. त्यातला एक प्रच्छन्नकाल. ढगांमुळे किंवा डोंगराआड सूर्य गेल्याने वेळेचा अंदाज चुकला तर व्रतभंग नाही. ज्याने हे लिहिलं त्याने आषाढातलं कर्जत पाहिलं असेल असंच मला वाटतं! आणि सर्वसमाधि हा फार मोठा आगार आहे. जीव असा कासावीस झाला की मनाची समाधी टिकणार नाही, तर औषध घेता येतं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या कितीतरी जणी आहेत, आणि नियम मोडू नये म्हणून गोळी चुकवणाऱ्याही आहेत. मोठी तपश्चर्या धारण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि महाराजसाहेबांनाही विचारा. आगार घेणं म्हणजे कमीपणा नाही. शास्त्रकारांनी ते पच्चक्खाणाच्या आतच बसवले आहेत.

व्रताची व्याप्तीही मोजलेली असते. करणं, करवणं, अनुमोदन देणं हे तीन करण. मन, वचन, काया हे तीन योग. साधू तिन्ही करण, तिन्ही योगांनी सोडतो. गृहस्थाची मोठी व्रतं सहसा दोन करण, तीन योगांची. मी करणार नाही, करवणार नाही. घरात राहणाऱ्या माणसाकडून अनुमोदन पूर्ण सुटणं कठीण, म्हणून ते आधीच वेगळं ठेवलं आहे. जेवढं झेपतं तेवढंच बोलायचं, ही आपली जुनी शिस्त आहे.

आणि सगळ्यात पुढचं काम प्रतिक्रमणाचं. रात्रीचं राई, दिवसाचं देवसी, पंधरवड्याचं पक्खी, चार महिन्यांचं चौमासी, वर्षाचं संवत्सरी. मोडलं का, हे बघण्याच्या वेळा आधीपासून लावलेल्या. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात असंच काहीसं केलं होतं. तेरा गुणांची यादी, एका छोट्या वहीत आठवड्याचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका. दर आठवड्याला एकाच गुणाकडे विशेष लक्ष, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. आजची हॅबिट ट्रॅकरची अॅप्स त्याच जातीची. आपल्याकडचा फरक एवढाच की आपण ठिपका देऊन थांबत नाही. क्षमा मागतो आणि पुन्हा नियमात येतो. "माझ्याच्याने काही होत नाही" या वाक्याला प्रतिक्रमणात जागाच नाही.

पळवाटांची यादी

अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडलेलं नाही पण डागाळलं आहे. पक्खीला आपण अतिचार म्हणतो, पण त्यात माणसाच्या चलाखीची केवढी ओळख आहे! दिशांच्या व्रतात क्षेत्रवृद्धी हा अतिचार आहे. पूर्वेला शंभर योजनांची मर्यादा, पश्चिमेलाही शंभरची. पूर्वेला जायचं नाही म्हणून तिथली पन्नास पश्चिमेत मिळवायची आणि दीडशे योजनं जाऊन यायचं. सोमवारी मोबाईल पाहिला नाही म्हणून मंगळवारी दोन तास, हे तेच. त्याच व्रतात स्मृतिभ्रंशही अतिचार आहे, म्हणजे मर्यादा किती ठरवली होती तेच विसरून जाणं. परिग्रहाच्या व्रतात टीकाकारांनी गंमतच सांगितली आहे. दोनच घरं ठेवायची अशी मर्यादा आहे आणि शेजारचं तिसरं हवं आहे, तर मधली भिंत पाडायची म्हणजे घरं दोनच राहिली!

संख्या राहिली, अर्थ गेला. हे शब्द लक्षात ठेवा, माथेरानला लागतील.

सूर्याची वाट बघणारी आई

दुसरी बाई पुतळीबाई, गांधीजींच्या आई. त्या वैष्णव, पण घरी जैन साधूंचं येणं-जाणं होतं. सत्याचे प्रयोग या आत्मकथेत गांधीजींनी आईच्या एका चातुर्मासाची आठवण लिहिली आहे. सूर्य दिसल्याशिवाय जेवायचं नाही असं त्यांचं व्रत होतं. पोरं अंगणात आभाळाकडे डोळे लावून उभी राहायची. सूर्य दिसला की आत धाव, आई बाहेर येईपर्यंत तो पुन्हा ढगात. त्या हसतमुखाने परत कामाला लागायच्या, देवाच्या मनात आज जेवण नव्हतं म्हणून. तिकडे ही स्थिती, तर आपल्याकडे जुलैत हे व्रत घेणारीचं काय झालं असतं याची कल्पना करा. पण त्यांनी पोरांवर चिडचिड केली नाही, की कुणाला उपाशी ठेवलं नाही. व्रत त्यांचं, भूकही त्यांचीच.

१८८८ मध्ये मुलगा विलायतेला निघाला तेव्हा त्या घाबरल्या. तिकडे मुलं बिघडतात, मांस-मद्य चालतं असं ऐकलं होतं. त्यांनी सल्ला विचारला बेचरजी स्वामींना. स्वामी मूळचे मोढ वाणी, पण जैन साधू झालेले. त्यांनी मुलाला तीन गोष्टींची प्रतिज्ञा दिली. मद्य, मांस आणि परस्त्री. मग आईने परवानगी दिली आणि त्या वर्षी ४ सप्टेंबरला मुलगा मुंबईहून बोटीत बसला.

लंडनमध्ये खरी परीक्षा झाली ती शब्दाच्या अर्थाची. तिथले शाकाहारी मांस या शब्दाचे तीन अर्थ करत. एकात पशुपक्ष्यांचं मांस वर्ज्य पण मासे आणि अंडी चालत. दुसऱ्यात सगळ्या जीवांचं मांस वर्ज्य, अंडी चालत. तिसऱ्यात अंडी आणि दूधही नाही. पहिला अर्थ घेतला असता तर जेवणाची केवढी सोय! काही दिवस अंडी खाल्लीही. पण विचार केल्यावर त्यांना पटलं की प्रतिज्ञा देणारी आई होती, तेव्हा आईच्या मनातला अर्थ तोच खरा अर्थ. आई अंडी मांसातच धरत होती. अंडी सुटली, आणि केक-पुडिंग समोर आलं की यात काय आहे हे विचारत बसणं आलं.

हजारो मैलांवर, इंग्रजी न येणाऱ्या एका आईच्या मनातली व्याख्या लंडनच्या टेबलावर चालली. नियम घेताना शब्दामागचा अर्थ आधी उच्चारून ठेवावा, तो असा.

माथेरान, आणि शेळीचं दूध

तिसरी बाई कस्तुरबा. दूध कामवासना वाढवतं हे गांधीजींनी प्रथम ऐकलं ते रायचंदभाईंकडून, म्हणजे आपल्या श्रीमद राजचंद्रांकडून. पुढे कलकत्त्यात गाई-म्हशींचं दूध काढताना फुंक्याचा क्रूर प्रकार चालतो हे कळलं, त्याने मन विटलं. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडलं.

१९१८ मध्ये खेड्याच्या कामात असताना त्यांची तब्येत बिघडली. त्या दिवशी सण होता. आज दुपारी जेवणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं, पण कस्तुरबांनी दुधातुपाचं व्रत सांभाळून, तुपाऐवजी तेल घालून गव्हाची गोड लापशी केली होती, आणि मूगही ठेवले होते. आपल्यापैकी कोणीही हेच केलं असतं. त्यांनी खाल्लं आणि आमांश उसळला. नडियादहून सेठ अंबालाल साराभाई आणि त्यांच्या पत्नीने त्यांना अहमदाबादला आपल्या बंगल्यात नेलं. अशक्तपणा काही हटेना. माथेरानच्या हवेने सुधारणा होईल असं मित्र म्हणाले, म्हणून ते माथेरानला आले.

म्हणजे आपल्याच कर्जत तालुक्यात, आपल्या डोक्यावरच्या डोंगरात. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली होती आणि मुंबईचे आजारी लोक हवेसाठी वर येत असत. पण तिथलं पाणी गांधीजींना फार जड पडलं. आमांशाने नाजूक झालेल्या आतड्यांना ते सोसेना, वेदना असह्य झाल्या, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत त्यांना माथेरान सोडावं लागलं.

मुंबईत डॉक्टर दलालांनी सांगितलं की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, दुधाचं व्रत आहे. डॉक्टरांनी विचारलं, कसलं व्रत? गांधीजींनी फुंक्यापासून सगळी हकीकत सांगितली. बिछान्याजवळ उभ्या कस्तुरबा ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या की मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. डॉक्टरांनीही तेच धरलं. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं आणि पुढे घेत राहिले.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा कस्तुरबांच्या हुशारीची म्हणून सांगतो, आणि हुशारी होतीच. पण स्वतः गांधीजींनी आत्मकथेत काय लिहिलं ते बघा. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैसच होती, तरी व्रताचा भाव सगळ्याच दुधाचा होता. आपण अक्षर पाळलं आणि आत्मा गमावला. सत्याग्रहाची लढाई लढायची होती, जगायची इच्छा जबर होती, म्हणून हे झालं. याची बोच त्यांनी कित्येक वर्षांनी छापून लोकांपुढे ठेवली. मांसाच्या बाबतीत आईच्या मनातला अर्थ धरणारा तोच माणूस दुधाच्या बाबतीत स्वतःच्या मनातला अर्थ सोडून गेला. भिंत पाडून दोन घरं.

माझं मत विचाराल तर त्यांनी दूध घेतलं ते बरंच झालं. आपल्या पद्धतीने बघितलं तर त्या व्रतात एक आगार कमी होता. पहिल्या दिवशीच "प्राणावर बेतलं तर औषध म्हणून" एवढं ठरलं असतं, तर पळवाट शोधायची वेळ आली नसती.

आणि कस्तुरबा? तेल घालून वेगळी लापशी रांधणं, पथ्य सांभाळणं, बिछान्यापाशी उभं राहणं हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं, व्रत दुसऱ्याचं असताना. एकदा त्यांच्या आजारपणात नवऱ्याने मीठ आणि डाळ सोडायचा आग्रह केला. तुम्हाला तरी हे जमेल का, असं त्या म्हणाल्या, आणि गांधीजींनी त्या क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. कस्तुरबा कळवळल्या, मी सोडते पण तुम्ही हे मागे घ्या म्हणाल्या. त्यांनी घेतलं नाही. बोलण्याच्या भरात घेतलेल्या व्रताचं ओझं जवळच्या माणसावर किती पडतं ते इथे दिसतं.

आपल्या घरी तर हे रोजचं आहे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईहून कर्जत लोकलने येणाऱ्या माणसाचा चौविहार गाडीतच होतो. डबा कोण भरतं? सकाळी पाचला उठून दोन वेळचं रांधणारी भरते. आनंद श्रावकाचे आठ घडे पाणीही कुणीतरी वाहून आणतच असेल. आपल्याच तालुक्यातल्या वाड्यांवर एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात, तेव्हा मला ते घडे दिसतात.

या वर्षीची वही

म्हणून माझी एक सूचना आहे. यादी ग्रुपवर टाकण्याआधी एक साधी वही घ्या. एकच नियम लिहा आणि त्याच्याखाली पाच ओळी.

मर्यादा किती? आकड्यात लिहा. नव्या साड्या दोन, घरात रात्री नऊनंतर मोबाईल नाही, सूर्योदयानंतर ४८ मिनिटं तोंडात काही नाही.

मुदत किती? पंधरवड्याने सुरुवात करा. जमलं तर पुढचा पंधरवडा घ्या.

आगार कोणते? आजारपण, प्रवास, घरातलं लग्न, जे असेल ते आजच लिहून ठेवा. नंतर लिहिलेला आगार ही पळवाट.

याचा भार कुणावर? माझ्या नियमासाठी दुसरं कुणी लवकर उठणार असेल तर तिला विचारलं का? सुनेला, मुलीला, कामाला येणाऱ्या ताईला?

तपासणी कधी? पक्खीच्या दिवशी, प्रतिक्रमणाला बसण्याआधी वही उघडायची. मोडला असेल तर कुठे मोडला तेवढं एका ओळीत लिहायचं, मिच्छा मि दुक्कडं म्हणायचं आणि नियम पुन्हा धारायचा.

आनंद श्रावकाने पहिल्या दिवशी काहीच सोडलं नव्हतं, फक्त रेघ मारली होती. चौदा वर्षांनी तो किल्ल्या मुलाच्या हातात देऊन निघाला. तेव्हा लहान नियमाची लाज वाटून घेऊ नका.

येत्या चौदसला प्रतिक्रमणाला भेटू. वह्या घेऊन या. एकमेकींच्या वाचायच्या नाहीत, आपापल्याच वाचायच्या.

जय जिनेंद्र.